तीन पायऱ्यांचा डोंगर

मैत्रिणींनो, स्कूटरचा अपघात होतो, पाठीच्या कण्याला मार बसतो आणि हिंडतंफिरतं माणूस चाकांच्या खुर्चीवर घरी येतं. अडतं कुठं? आपल्याच इमारतीच्या तीन पायऱ्यांशी! जाता-येता चौघांनी उचलायचं. एखादी बाई असली, तर संकोचानं बाहेर पडणंच सोडते.

उपाय तसा साधा आहे. एक फूट उंचीला १२ फूट लांब उतार; म्हणजे दीड फुटाच्या पायऱ्यांना १८ फूट. दार तीन फूट रुंद, खुर्ची वळायला पाच फूट जागा, न्हाणीघरात उंबरठा नको, भिंतीला दांडी हवी.

नव्या इमारतींसाठी २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. जुन्या इमारतीत मात्र आपणच तोंड उघडायला हवं. सोसायटीच्या सभेत रंगाबरोबर उताराचाही विषय काढा. “आपल्याकडे कुणाला लागतोय?” असं कुणी म्हणेलच. सांगा, दुखणं विचारून येत नाही. शिवाय बाळाची गाडी नि सासूबाईंचे गुडघे आहेतच की!

तेव्हा शिवणाच्या डब्यातली टेप घ्या आणि आजच पायऱ्या मोजा. सभेत आकडे हाती असले, की बोलायला धीर येतो.