खातो भरपूर, तरीही वाळतो

दोन वर्षांचा जर्मन शेफर्ड. पुढ्यातले भांडे चाटूनपुसून स्वच्छ करतो आणि लगेच स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहतो. कचऱ्याचा डबा उलटा करतो, कधी स्वतःची विष्ठाही खातो. एवढे खाऊनही त्याच्या बरगड्या मोजता येतात. दिवसातून चार-पाच वेळा फिकट, तेलकट, भरपूर शी होते. घरचे जंताचे औषध देतात, महिन्याभराने पुन्हा देतात. मग खाद्य बदलले जाते. कुत्रा मात्र वाळतच जातो.

असे दिसले की स्वादुपिंडाकडे पाहायला हवे. या ग्रंथीतून रोज पाचक एन्झाइम आतड्यात येतात. त्यातले लायपेज चरबी, प्रोटिएज प्रथिने आणि अमायलेज पिष्टमय पदार्थ पचवते. ते पुरेसे तयार होईनासे झाले की अन्न पोटात जाते, पण अंगी लागत नाही. या विकाराला पशुवैद्यक थोडक्यात ‘ईपीआय’ म्हणतात. स्वादुपिंडाकडे राखीव क्षमता मोठी असते, त्यामुळे सुमारे 90 टक्के क्षमता संपेपर्यंत वरून काही कळत नाही. जर्मन शेफर्ड आणि रफ कोली या जातींमध्ये तो अधिक आढळतो, बहुधा ऐन तारुण्यात. इतर जातींनाही तो होतो, विशेषतः स्वादुपिंडाला वारंवार सूज येऊन गेली असेल तर.

नष्ट झालेला भाग परत येत नाही. पण बाहेरून एन्झाइम दिले की बरेच कुत्रे काही आठवड्यांत भरू लागतात आणि वर्षानुवर्षे चांगले जगतात. अडचण येते ती खर्चाची. औषध आयुष्यभर, प्रत्येक जेवणात द्यायचे असते. ते परवडत नाही म्हणून उपचार सोडले जातात, काही वेळा कुत्राच सोडून दिला जातो. त्यामुळे पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे, हे समजणे उपचाराइतकेच गरजेचे आहे.

पहिला खर्च तपासणीवर

नुसत्या लक्षणांवरून एन्झाइम सुरू करणे महागात पडते, कारण जंत आणि आतड्याचे इतर आजारही असेच दिसतात. खात्रीची तपासणी म्हणजे रक्तातील ‘टीएलआय’. कुत्र्याला 8 ते 12 तास उपाशी ठेवून रक्त घेतात. प्रमाण लिटरमागे 2.5 मायक्रोग्रॅमपेक्षा कमी आले तर निदान पक्के मानतात. लहान गावात ही सोय नसली तरी पशुवैद्यकामार्फत नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवता येतो. त्याच नमुन्यातून बी-12 जीवनसत्त्वही तपासून घ्यावे.

डब्याची नव्हे, लायपेजची किंमत

कुत्र्यांसाठी सर्वाधिक वापरात असलेले औषध म्हणजे पॅनक्रियाटिनची पावडर. ती बहुधा डुकराच्या स्वादुपिंडापासून बनते. नेहमीच्या ताकदीच्या पावडरीच्या एका चमच्यात, म्हणजे 2.8 ग्रॅममध्ये, लायपेजची सुमारे 71 हजार एकके असतात. सुरुवातीला दर 10 किलो वजनामागे प्रत्येक जेवणात एक चमचा, असे साधारण प्रमाण धरतात. 30 किलोच्या कुत्र्याला दोन वेळच्या जेवणात दिवसाला सहा चमचे, म्हणजे महिन्याला जवळपास अर्धा किलो पावडर लागते. खर्चाचा अंदाज यावरून यावा.

स्वस्त काय, हे डब्यावरच्या किमतीवरून ठरत नाही. ‘पॅनक्रियाटिन इतके मिलिग्रॅम’ एवढ्यावरूनही ठरत नाही, कारण त्याच वजनाच्या पावडरीची ताकद वेगवेगळी असते. पाहायची ती लायपेजची एकके, कारण चरबीचे पचनच सर्वात आधी बिघडते.

समजा, 100 ग्रॅमचा एक डबा 2000 रुपयांना आहे आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममध्ये 25 हजार एकके आहेत. दुसरा डबा 800 रुपयांना आहे, पण त्याच्या ग्रॅममध्ये 5 हजारच एकके आहेत. पहिल्यात दर 10 हजार एककांना 8 रुपये पडतात, दुसऱ्यात 16. दिसायला स्वस्त असलेला डबा प्रत्यक्षात दुप्पट महाग. लेबलावर लायपेजचा आकडाच नसेल तर ते उत्पादन घेऊ नये.

औषधांच्या दुकानात सहज मिळणाऱ्या पाचक सिरपची गतही तीच. त्यात बहुधा पपईतले पपेन आणि बुरशीपासून मिळवलेले डायस्टेज असते. पहिले प्रथिनांवर काम करते, दुसरे पिष्टावर. चरबी पचवणारे लायपेज त्यात नसते. जड जेवणानंतर माणसाला त्याने बरे वाटत असेल, पण ईपीआय झालेल्या कुत्र्याचे वजन त्याने वाढत नाही.

माणसांसाठीच्या पॅनक्रियाटिन कॅप्सूलवर मात्र लायपेजची एकके छापलेली असतात. पावडर मिळत नसेल तेव्हा पशुवैद्यक त्यांचा पर्याय सुचवतात. कॅप्सूल उघडून आतले बारीक दाणे अन्नावर टाकता येतात. दाण्यांवर जठरातल्या आम्लापासून संरक्षण देणारे आवरण असते, त्यामुळे पावडरीचे प्रमाण जसेच्या तसे लावू नये. मात्रा पशुवैद्यकानेच ठरवावी. आवरण असलेल्या अख्ख्या गोळ्या कुत्र्यांमध्ये तितक्या भरवशाच्या ठरलेल्या नाहीत.

खाटकाकडचा पर्याय

जुना आणि स्वस्त उपाय म्हणजे जनावराचे कच्चे स्वादुपिंड. पावडरीच्या एका चमच्याऐवजी साधारण 30 ते 90 ग्रॅम बारीक चिरलेले स्वादुपिंड चालते. ते छोट्या पुड्यांत गोठवून काही महिने टिकते. हिंदी-उर्दूत त्याला लबलबा म्हणतात. तिल्ली म्हणजे प्लीहा, तो वेगळाच अवयव आहे; मागताना गल्लत होऊ देऊ नये.

स्वादुपिंड शिजवले तर एन्झाइम नष्ट होतात, म्हणून ते कच्चेच द्यावे लागते. धोकाही तिथेच आहे. कच्च्या मांसातून साल्मोनेला येऊ शकतो. शेळ्या-मेंढ्यांच्या अवयवांत हायडॅटिड कृमीच्या गाठी असतील तर त्यातून कुत्र्याला आणि पुढे घरातल्या माणसांनाही संसर्ग होऊ शकतो. डुकराचे कच्चे स्वादुपिंड टाळावे. त्यातून येणारा ऑजेस्की नावाचा विषाणूजन्य आजार कुत्र्याला जीवघेणा ठरतो. गोठवल्याने काही धोका कमी होतो, पूर्ण जात नाही. घरात लहान मुले, गरोदर स्त्री किंवा आजारी वृद्ध असतील तर या वाटेला न जाणेच बरे.

वाया न घालवण्याचे मार्ग

अन्न ओलसर आणि कोमट असावे. गरम अन्नात एन्झाइम निकामी होतात. पावडर नीट कालवावी. ती कोरडी राहिली तर तोंडाच्या आतली त्वचा सोलवटते. हिरड्यांतून रक्त दिसले तर पशुवैद्यकाला सांगून मात्रा कमी करावी. कालवताना पावडर नाकात जाऊ देऊ नये, दम्याच्या रुग्णांनी तर विशेष जपावे. डबा घट्ट बंद करून थंड, कोरड्या जागी ठेवावा. पावसाळ्यात दमट हवेत उघडा राहिलेला डबा म्हणजे पैसे पाण्यात. घाऊक खरेदी करताना मुदत संपण्याची तारीख आधी पाहावी.

जेवणाव्यतिरिक्त चारलेली पोळी किंवा बिस्किटे एन्झाइमशिवाय पचत नाहीत आणि पुन्हा जुलाब सुरू होतात. तंतुमय कोंडा जास्त असलेले खाद्यही टाळावे. चरबी पूर्ण तोडण्याची मात्र गरज नसते.

एन्झाइम देऊनही वजन वाढत नसेल तर मात्रा वाढवण्याआधी बी-12 पाहावे. ईपीआयमध्ये ते अनेकदा घटते आणि ते भरून काढल्याशिवाय उपचार लागू पडत नाही. आठवड्याला एक याप्रमाणे सहा इंजेक्शने हा रूढ क्रम आहे. रोजच्या गोळीचाही उपयोग होतो आणि ती स्वस्त असते. मात्र आपल्याकडे मिथाइलकोबालामिनच्या कित्येक गोळ्यांत प्रिगॅबॅलिनसारखी दुसरी औषधे मिसळलेली असतात. घटकांची यादी वाचल्याशिवाय माणसाची गोळी कुत्र्याला देऊ नये.

खर्चातली मोठी बचत होते ती काही आठवड्यांनी. शी बांधून होऊ लागली, वजन स्थिरावले की पशुवैद्यकाच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू उतरवता येते. तीन चमच्यांच्या जागी दोन पुरले तर एन्झाइमचा खर्च तिसऱ्या हिश्श्याने कमी होतो. त्यासाठी दर आठवड्याला, एकाच काट्यावर, जेवणाआधी वजन घेऊन वहीत लिहावे. वजन घटू लागले की मात्रा फार उतरली, हे त्या वहीतूनच आधी कळते.

आणखी एक गोष्ट. जर्मन शेफर्डमध्ये हा विकार वंशातून येतो. अशा कुत्र्याची पिल्ले घेऊ नयेत, आणि ज्यांच्याकडून तो आणला त्यांनाही निदान जरूर कळवावे.