पाय सैल, लाट झकास!

पुण्याला समुद्र नाही, पण गोव्याची स्लीपर बस आहे. शुक्रवारी रात्री स्वारगेटला चढायचं, सकाळी म्हापशाला उतरायचं आणि अर्ध्या-पाऊण तासात मोरजी नाहीतर आश्वेच्या वाळूत चहा मारायचा. दुपारी वारा सुटला, की आकाशात रंगीत काइट दिसायला लागतात. आपला संक्रांतीचा पतंगच, फक्त नऊ-बारा चौरस मीटरचा आणि मांज्याच्या दुसऱ्या टोकाला माणूस!

ज्यांचा काइटबोर्डिंगचा बेसिक कोर्स झालाय, दोन्ही बाजूंना जाता येतंय आणि आता लाटा खुणावतायत, त्यांच्यासाठी हा लेख. बाकीच्यांनीही वाचा, सोमवारी कॅन्टीनमध्ये सांगायला बरं पडतं.

कोर्समध्ये मिळतो तो ट्विन-टिप. दोन्ही टोकं सारखी आणि पाय जवळजवळ बोर्डाला ठोकलेले. सपाट पाण्यावर तुम्ही खरं तर उभे नसताच. काइटला टेकून मागे रेललेले असता, सगळं वजन टाचांवर. लाटेवर हे गणित उलटं होतं. ढकलायचं काम लाट करते आणि काइटची ओढ मधूनमधून पार ढिली पडते. अशा वेळी मागे रेललात की गेलात, टेकायला काहीच नसतं. बोर्डाच्या मधोमध, स्वतःच्या पायांवर उभं राहावं लागतं. पट्टे कुठे आणि कसे लावायचे, त्याचा सगळा फंडा इथून निघतो.

म्हणून लाटांसाठी पुढे नाक, मागे फिन असा सर्फबोर्डसारखा बोर्ड घेतात. गंमत म्हणजे ही नवी फॅशन नाही. फ्रान्सच्या ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या भावांनी १९८४ मध्ये हवा भरायच्या काइटचं पेटंट घेतलं, नव्वदीच्या दशकाच्या शेवटी खेळ पसरला, तेव्हाचे बरेचसे बोर्ड असे एका दिशेचेच होते. ट्विन-टिप नंतर लोकप्रिय झाले. (२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये काइटच्या शर्यती झाल्या, पण त्या पाण्याच्या वर उचलणाऱ्या फॉइलवर. तो वेगळाच मामला.)

हॉलमध्येच करा फिटिंग

वाळूत स्क्रू हरवतात, म्हणून हे काम घरीच उरका. फिन काढा, चटई टाका, बोर्ड ठेवा. आधी पुढचा पाय कुठला ते ठरवा. रूममेटला सांगा, की बेसावध असताना मागून हळूच ढकल. तोल सावरायला जो पाय पुढे पडतो, तो बहुधा तुमचा पुढचा.

मग पवित्रा. तालमीतला पैलवान पाय फाकून उभा राहतो, तसं रुंद उभं राहायचा मोह होतो. उडी मारून उतरायला ते ठीक, पण वळायला नाही. खांद्यांच्या रुंदीपेक्षा किंचित जास्त अंतरापासून सुरुवात करा. मागचा पट्टा फिनच्या वर येईल असा लावा, कारण वळण तिथूनच निघतं. पाय फार पुढे राहिला तर बोर्ड ट्रकसारखा वळतो. मागचं पाऊल जवळपास आडवं, पुढचं थोडं नाकाकडे वळलेलं. ट्विन-टिपवरची बदकाची चाल इथे विसरा. लाटा मवाळ असतील तर दोन्ही पट्टे एक भोक पुढे घ्या, बोर्ड लवकर पळतो. वारा आणि लाट दोन्ही जोरात असतील, तर एक भोक मागे.

घट्ट की ढिला?

खरा वाद इथे आहे. लाटेत पडलात की बोर्ड एकीकडे जातो, शरीर दुसरीकडे. पाय अडकला तर पीळ घोट्याला नाहीतर गुडघ्याला बसतो, आणि आपले गुडघे दिवसाचे दहा तास खुर्चीत काढणारे! म्हणून घट्ट पट्टा नकोच. पण फार ढिलाही तितकाच वाईट. माझ्या टीममधल्या एकाचं पाऊल पट्ट्यातून थेट घोट्यापर्यंत आत गेलं आणि तिथेच अडकलं. पुढचे तीन आठवडे स्वारी पहिल्या मजल्यावर लिफ्टने जात होती.

टेस्ट सोपी आहे. पाय ओला करून पट्ट्यात घाला. बोटं पलीकडे दिसली पाहिजेत, तळव्याची कमान आरपार जाता कामा नये. टाच उचलून मागे ओढली, की हात न लावता पाय सुटला पाहिजे. मागचा पट्टा पुढच्यापेक्षा जरा सैल.

मोरजीला याचं आणखी एक कारण आहे. किनारा पश्चिमेकडे तोंड करून आणि दुपारचा वारा बहुतेकदा वायव्येचा, म्हणजे समुद्राकडे बघत उभं राहिलं तर उजवीकडून. लाटाही कधी कधी तिकडूनच येतात. अरबस्तानातले ‘शमाल’ वारे ज्या लाटा उठवतात, त्या आपल्या किनाऱ्यापर्यंत पोचतात, हे दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलंय. अशा वाऱ्यात डावा पाय पुढे ठेवणाऱ्यांची चैन असते, लाटेवरून दक्षिणेकडे सरकताना ती नजरेसमोर राहते. उजवा पाय पुढे ठेवणाऱ्यांच्या मात्र ती पाठीमागे. पण चैनवाल्यांनाही किनाऱ्यापासून आत जाताना उजवा पाय पुढे घ्यावा लागतो, नाहीतर चवड्यांवर भार देत जायचं. म्हणजे दर फेरीला पायांची अदलाबदल! घट्ट पट्ट्यात ती करणं म्हणजे पीएमपीच्या गर्दीत बुटाची लेस बांधणं.

मग पट्टेच काढले तर? लाटांवरचे बरेच पट्टीचे लोक बिनपट्ट्याचेच खेळतात. पकडीसाठी फोमचं पॅड किंवा मेण लागतं, आणि गोव्याच्या उन्हात गरम पाण्यासाठीचंच मेण टिकतं. माझं मत विचाराल तर पहिला सीझन पट्टे राहू द्या. पाण्याची खळबळ कमी असेल अशा दिवशी काढून बघा. मागचा गुडघा किंचित आत, नजर पायांकडे नाही तर जायचंय तिकडे. एवढं पट्ट्यांसह जमलं, की त्यांच्याशिवायही जमायला लागतं.

मोरजीला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. कुंपणाच्या आसपास काइट पसरू नका. शापोऱ्याच्या मुखाजवळ पाण्याला ओढ असते, तिथून लांब राहा. पावसाळ्यात तर नादच सोडा. आणि पहिल्या अर्ध्या तासानंतर बाहेर येऊन सगळे स्क्रू एकदा हातानं आवळा, ड्रिल मशिननं नको, आतली बसवणी निखळते. दोन जास्तीचे स्क्रू डब्यात असू द्या. म्हापशाच्या बाजारात फेणी मिळेल, नेमका त्या मापाचा स्क्रू मिळेलच असं नाही.