क्लिक आणि चित्र यांमधले अंतर

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. त्या वर्गात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे नावाजलेले छायाचित्रकार झाले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हेही पेशाने डॉक्टर, पण कॅमेऱ्यामागे रमणारे आणि सोसायटीचे सभासद. फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ मध्ये जाहीर केलेली ओल्या काचेची पद्धत तेव्हा सगळीकडे पसरत होती. काचेवर कोलोडियनचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून प्रकाश द्यायचा आणि वाळायच्या आत अंधाऱ्या तंबूत किंवा खोलीत धुवायची. सगळे दहा-पंधरा मिनिटांत उरकावे लागे. मुंबईच्या उन्हाळ्यात त्याहूनही लवकर.

फिल्मवर फोटो काढावेत की डिजिटलवर, असे कुणी विचारले की मला आधी ही ओली काच आठवते. फिल्मची बाजू घेणारे बहुतेक जण वाट पाहण्यातली गोडी सांगतात: रोल संपेपर्यंत थांबायचे, मग तो धुऊन येईपर्यंत थांबायचे. पण ओल्या काचेवर काम करणाऱ्यांच्या वाट्याला ही प्रतीक्षा आली नव्हती. फोटो जमला की बिघडला, हे त्यांना जागच्या जागी कळत होते. समोरचा माणूस खुर्चीवरून उठायच्या आत दुसरी काच तयार करता येत होती.

अंतर पडले ते १८८८ मध्ये. जॉर्ज ईस्टमनच्या पहिल्या कोडॅक कॅमेऱ्याची किंमत होती २५ डॉलर आणि त्यात १०० फोटोंचा रोल आधीच भरलेला असे. शंभर फोटो झाले की अख्खा कॅमेरा कारखान्याकडे पाठवायचा. १० डॉलर घेऊन कारखाना फोटो छापून देई आणि नवा रोल भरून कॅमेरा परत करी. सामान्य माणसाच्या हाती कॅमेरा आला तो यामुळेच आणि हे काम लहान नव्हते. मात्र फोटो काढणारा एक आणि धुणारा दुसरा, अशी वाटणीही तेव्हाच रुजली.

पुढे याच कंपनीत १९७५ मध्ये स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोच्या पुढे, चित्र १०० गुणिले १०० बिंदूंचे, कृष्णधवल, आणि ते कॅसेटवर नोंदवायला २३ सेकंद लागत. धुण्याची गरज नव्हती. कॅसेट लावली की चित्र टीव्हीच्या पडद्यावर उमटे. त्याच कंपनीतल्या ब्राइस बायरच्या रंगजाळीला १९७६ मध्ये पेटंट मिळाले. निम्मे बिंदू हिरवे, पाव लाल, पाव निळे, ही त्याची मांडणी आजही बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांत आहे. क्लिक आणि चित्र यांची फारकत करणाऱ्या घराण्यातच ती दोन पुन्हा जवळ आली. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला.

क्लिक आणि चित्र यांतले अंतर डिजिटलने मिटवले, म्हणून शिकायचे असेल तर डिजिटलवरच शिकावे, असे माझे ठाम मत आहे. चूक आणि तिची जाणीव यांच्यात जितके कमी अंतर, तितके शिकणे खोल होते. डिजिटल कॅमेरा प्रत्येक फोटोसोबत शटरचा वेग, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ यांची नोंद ठेवतो. फिल्मवर हे सगळे वहीत लिहून ठेवावे लागते आणि लिहिणारे थोडे. डिजिटलवर शिकायला महागडा कॅमेरा लागत नाही. दहा वर्षांपूर्वीचा, बऱ्या अवस्थेतला सेकंडहँड डीएसएलआर आणि ३५ मिलिमीटरची एकच लेन्स पुरते. लहान सेन्सरवर ही लेन्स जवळपास ५२ मिलिमीटरसारखी वागते, म्हणजे घरातली माणसे, रस्ता, झाड सगळ्याला चालते.

प्रकाश मात्र दोन्हीकडे वेगळा वागतो आणि ते समजून घेतल्याशिवाय कुठलीच निवड शहाणपणाची होत नाही. निगेटिव्ह फिल्म जास्तीचा प्रकाश सहज पचवते. कमी पडला तर मात्र सावल्या कोऱ्या राहतात आणि मागाहून काही करता येत नाही. डिजिटलमध्ये याच्या उलट. पांढरा भाग एकदा जळाला की त्यातला तपशील कायमचा गेला, सावल्या मात्र नंतर बऱ्याच उघडता येतात. दुपारच्या उन्हात चाललेल्या वारकऱ्याचा पांढरा सदरा आणि टोपीखालचा सावळा चेहरा एकाच चौकटीत हवा असेल, तर डिजिटलवर सदऱ्याकडे बघून प्रकाश मोजावा आणि निगेटिव्हवर चेहऱ्याकडे बघून. रात्रीच्या विसर्जन मिरवणुकीत प्रश्नच उरत नाही. भरलेला रोल ४०० आयएसओचा असेल तर तो संपेपर्यंत ४००चाच. डिजिटलवर पुढच्याच क्लिकला ६४०० करता येतो.

मग फिल्म कुणी घ्यावी? माझे उत्तर असे, की जो स्वतःचा रोल स्वतः धुवायला तयार आहे त्याने. आणि त्याने कृष्णधवलपासून सुरुवात करावी.

घरी रोल धुणे वाटते तेवढे अवघड नाही. काळोख फक्त रोल चक्रीवर चढवून टाकीत बंद करेपर्यंत लागतो आणि त्यासाठी बाह्या असलेली काळी पिशवी मिळते. टाकीचे झाकण लागले की पुढचे सगळे दिव्याच्या उजेडात: आधी डेव्हलपर, मग स्टॉप बाथ, मग फिक्सर, मग भरपूर पाणी. आपल्याकडची खरी अडचण पाण्याच्या तापमानाची आहे. डेव्हलपरच्या वेळा २० अंश सेल्सियस धरून छापलेल्या असतात आणि मुंबईच्या नळाला वर्षातले बरेच महिने त्याहून कितीतरी कोमट पाणी येते. इल्फर्डची एचपी फाइव्ह ही कृष्णधवल फिल्म डी-७६ या डेव्हलपरमध्ये २० अंशांना साडेसात मिनिटे घेते. पाणी तापले तर वेळ कमी करावा लागतो आणि तो पाच मिनिटांच्या खाली गेला की फिल्मवर डागाळ पट्टे येण्याची भीती. म्हणून पाण्याच्या बादलीत रसायनांच्या बाटल्या ठेवायच्या, बर्फाचे खडे टाकायचे आणि थर्मामीटर सोडायचा नाही. रंगीत फिल्मच्या सी-४१ प्रक्रियेला ३८ अंशांच्या आसपासचे पाणी हवे, तेव्हा उकाडा तिथे सोयीचा वाटतो, पण तापमान जराही हलू द्यायचे नसते. फिक्सर वापरून झाल्यावर त्यात चांदी उतरलेली असते. तो विहिरीजवळ किंवा झाडाच्या मुळाशी कधीही ओतू नये.

टाकीतून ओली पट्टी बाहेर येते आणि बाथरूमच्या खिडकीशी धरल्यावर तिच्यावर उलट्या छायेतले चेहरे दिसतात. क्लिक आणि चित्र पुन्हा एका माणसाच्या हातात आलेले असतात.

रंगीत रोल घ्यायचा, लॅबला द्यायचा आणि स्कॅन फोनवर मागवायचे, हा आजचा रुळलेला रस्ता मला तितकासा पटत नाही. रोल हजार रुपयांचा आणि धुणे-स्कॅन पाचशेचे धरले, तर ३६ फ्रेमच्या रोलवर एका फोटोला चाळीस रुपयांच्या वर खर्च येतो आणि हाती शेवटी डिजिटल फाइलच पडते. तिचे रंग बऱ्याच अंशी स्कॅनर आणि तो चालवणारा माणूस ठरवतो. ज्याला फिल्मचे रंग मनापासून आवडतात त्याने जरूर करावे, पण निदान निगेटिव्ह परत मागून घ्याव्यात. पेंटॅक्सने २०२४ मध्ये नवा फिल्म कॅमेरा आणला तोही अर्ध्या फ्रेमचा, म्हणजे ३६च्या रोलवर ७२ फोटो देणारा. रोलची किंमत किती बोचते, हे कंपनीलाही ठाऊक असावे.

त्या किमतीमागे एक भारतीय गोष्टही आहे आणि तिची हळहळ वाटते. हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी १९६० मध्ये स्थापन झाली आणि १९६७ पासून उटीच्या थंड, धूळविरहित हवेत ‘इंदू’ या नावाने फिल्म तयार होऊ लागली. कृष्णधवल रोल, एक्स-रे फिल्म, छपाईचा कागद. आयातीवर कडक बंधने असलेल्या त्या काळात आग्फाच्या क्लिक थ्री कॅमेऱ्यात १२ चौकोनी फोटोंचा रोल भरणाऱ्या कित्येक घरांना देशी फिल्मचा आधार होता. १९९०च्या दशकात कंपनी आजारी उद्योग ठरली आणि पुढे बंदच पडली. आज आपला हौशी छायाचित्रकार फिल्मच्या प्रत्येक फ्रेमसाठी परदेशी कारखान्यावर, डॉलरच्या भावावर आणि आयात करावर अवलंबून आहे. फिल्म निवडताना ही साखळीही निवडली जाते.

टिकण्याच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी फार बढाया मारल्या जातात. निगेटिव्ह बघायला यंत्र लागत नाही, प्रकाश पुरतो, हा तिचा मोठा गुण. पण तिच्यावरचा थर जिलेटिनचा असतो आणि कोकणातल्या दमट हवेत बुरशीला तो फार आवडतो. शिवाय मूळ निगेटिव्ह एकच. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तसे पाणी घरात शिरले तर पाकिटातल्या पट्ट्या एकमेकींना चिकटतात आणि सोडवताना चित्र सोलून निघते. डिजिटल फाइलच्या हव्या तितक्या प्रती होतात, मात्र त्या कराव्या लागतात. दोन प्रती घरात वेगवेगळ्या ठिकाणी आणि एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे, एवढे केले तरी पुष्कळ. आणि ज्या फोटोंवर जीव आहे ते कागदावर छापून ठेवावेत, मग ते कशावरही काढलेले असोत.

जुना फिल्म कॅमेरा घ्यायचाच ठरला तर मुंबईत बोरा बाजार किंवा चोर बाजार गाठता येतो. मागचे दार उघडून कडेचे काळे स्पंज बोटाने दाबून पाहावेत. ते चिकट होऊन भुगा पडत असेल तर प्रकाश आत शिरणार, पण स्पंज बदलून मिळतात. एक सेकंदाचे शटर सोडून कानाला ते अडखळल्यासारखे वाटते का, हे ऐकावे. १९६०-७०च्या दशकातल्या अनेक कॅमेऱ्यांचे मीटर पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या सेलवर चालत. ते सेल आता बनत नाहीत, तेव्हा दुकानदार मीटर चालू असल्याचे सांगत असला तरी फोनवरच्या मीटरशी ताडून घ्यावे. शेवटी अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून लेन्समधून टॉर्चचा झोत टाकावा. आत कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. कॅमेरा कितीही स्वस्त मिळत असला तरी ती लेन्स दुकानातच राहू द्यावी आणि घरच्या लेन्सच्या पिशवीत तर ती कधीच ठेवू नये.