स्वयंचलित दंतचक्र पेटी : जोडणीतील विलंब

मोटारगाडीच्या स्वयंचलित दंतचक्र पेटीचा दांडा न्यूट्रलमधून ड्राइव्ह किंवा रिव्हर्स स्थितीत आणल्यावर चाकांना चालना मिळण्यास नेहमीपेक्षा अधिक वेळ लागणे, या दोषास जोडणीतील विलंब म्हणतात. व्यवहारात ‘गिअर उशिरा पकडणे’ असे याचे वर्णन केले जाते. सुस्थितीतील पेटीत जोडणी सु. एका सेकंदात होते व ती किंचित धक्क्याने जाणवते. हा काळ दोन-तीन सेकंदांवर गेल्यास तपासणी आवश्यक ठरते. १९५० ते १९८० या काळातील जुन्या मोटारगाड्यांत हा दोष वारंवार आढळतो.

विलंबाच्या काळात चालक प्रवेगक दाबतो, एंजिनाची गती वाढते व क्लच एकाएकी पकडतो. त्यामुळे गाडी झेपावून अपघात होऊ शकतो, तसेच घर्षण-चकत्या घसरून जळतात. याउलट, प्रत्येक विलंब हा पेटी निकामी झाल्याचे लक्षण मानून ती उघडणेही योग्य नव्हे. विलंब केव्हा व कोणत्या स्थितीत होतो याचे पद्धतशीर निरीक्षण केल्यास दोषाचे स्थान बहुधा पेटी न उघडताच कळते.

रचना व कार्य : क्रायस्लर कंपनीने १९५६ मध्ये प्रचारात आणलेली ‘टॉर्कफ्लाइट’ ही तीन गतींची पेटी येथे उदाहरणादाखल घेतली आहे. तिचा ॲल्युमिनियमाच्या आवरणाचा ‘ए-७२७’ हा प्रकार १९६२ च्या गाड्यांपासून वापरात आला. एंजिनाची शक्ती द्रवीय टॉर्क परिवर्तकामार्फत ग्रहीय दंतचक्रमालेकडे जाते. एंजिनाबरोबर फिरणारा पंप तळपात्रातील तेल गाळणीतून ओढून घेतो, नियंत्रक झडप त्याचा दाब ठरविते व हस्तचलित झडप ते योग्य मार्गाने क्लचांच्या आणि गतिरोधक पट्ट्यांच्या दट्ट्यांकडे पाठविते. दट्ट्यामागील पोकळी तेलाने भरून पुरेसा दाब निर्माण झाल्यावाचून जोडणी होत नाही. जोडणीतील विलंब म्हणजे हा दाब निर्माण होण्यास लागणारा अधिकचा काळ होय.

या पेटीत मागील क्लच पुढे जाण्याच्या सर्व गतींत कार्य करतो. पुढील क्लच तिसऱ्या गतीत व रिव्हर्समध्ये लागतो. मागील पट्टा रिव्हर्समध्ये व दांडा ‘१’ या स्थितीत असताना आवळला जातो. ड्राइव्हमधील पहिल्या गतीत पट्ट्याचे काम एकदिशी क्लच करतो.

गाडी उभी राहिल्याने होणारा विलंब : गाडी काही दिवस उभी राहिल्यास परिवर्तकातील तेल हळूहळू तळपात्रात उतरते. एंजिन सुरू केल्यावर पंपाला प्रथम परिवर्तक भरावा लागतो. जुन्या टॉर्कफ्लाइट पेट्यांत पार्क स्थितीत परिवर्तकाकडे तेल जात नाही, त्यामुळे पार्कमध्ये एंजिन कितीही वेळ चालू ठेवले तरी हा विलंब टळत नाही. हातगतिरोधक ओढून न्यूट्रलमध्ये एंजिन १०–१५ सेकंद मंद गतीने चालविल्यास परिवर्तक भरतो. दिवसातील केवळ पहिल्या जोडणीस विलंब होत असेल व पुढील सर्व जोडण्या तत्काळ होत असतील, तर हेच कारण संभवते. अशा वेळी पेटी उघडण्याची गरज नसते.

तेलाची तपासणी : या पेटीतील तेलाची पातळी एंजिन चालू, तेल गरम व दांडा न्यूट्रलमध्ये असताना मोजतात. एंजिन बंद असताना तळपात्रात उतरलेल्या तेलामुळे पातळी खोटी वाढलेली दिसते. पातळी कमी असल्यास पंप तेलाबरोबर हवा ओढतो. ती अधिक असल्यास फिरत्या भागांमुळे तेल घुसळून फेसाळते. दोन्ही परिस्थितींत हवामिश्रित तेल दबले जाते व दाब मंदपणे वाढतो. जळका वास व काळपट रंग चकत्या जळाल्याचे दर्शवितो, तर दुधाळ गुलाबी रंग शीतकातून पाणी शिरल्याचे दर्शवितो.

दोषस्थाननिश्चिती : विलंब ड्राइव्ह व रिव्हर्स या दोन्ही स्थितींत असल्यास दोष सामाईक भागांत असतो. तेलाची अपुरी पातळी, तुंबलेली गाळणी, झिजलेला पंप, अडकलेली नियंत्रक झडप किंवा चुकीची जुळणी झालेला दांड्याचा जोडसांधा ही त्याची कारणे होत. केवळ पुढे जाताना विलंब होत असल्यास मागील क्लचची सीले संशयास्पद ठरतात. केवळ रिव्हर्समध्ये विलंब असल्यास पुढील क्लच किंवा मागील पट्टा सदोष असतो. ‘१’ स्थितीत प्रवेगक सोडल्यावर एंजिनाचा रोध जाणवल्यास पट्टा सुस्थितीत आहे असे ठरते. तिसऱ्या गतीतही घसरण होत असल्यास पुढील क्लचवरील संशय पक्का होतो.

तापमानाचाही उपयोग होतो. थंड असताना असलेला विलंब गरम झाल्यावर नाहीसा होत असल्यास रबरी सीले वयोमानाने कठीण झालेली असतात. तेल गरम होऊन पातळ झाल्यावर विलंब वाढत असल्यास झिजलेल्या कड्यांतून किंवा पंपातून गळती होत असते.

यानंतर दाबमापकाने दाब मोजतात. दाब योग्य असूनही विलंब होत असल्यास तळपात्र व झडपसंच काढून तेलमार्गांत सु. २ ते ७ किग्रॅ./चौ. सेंमी. दाबाची शुष्क हवा सोडतात. क्लच सुस्थितीत असल्यास दट्ट्या सरकल्याचा दबका ठोका ऐकू येतो. केवळ हवेचा फुसकारा आल्यास सीले निकामी झालेली असतात.

उपाय : प्रथम पातळी दुरुस्त करणे, निर्मात्याने विहित केलेले तेल व नवी गाळणी घालणे, जोडसांधे जुळविणे आणि मागील पट्टा समायोजित करणे हा क्रम पाळतात. कठीण झालेली सीले बदलण्यासाठी मात्र पेटी उतरवावी लागते. तोपर्यंत दांडा हलविल्यावर जोडणी जाणवेपर्यंत प्रवेगकास स्पर्श न करणे व गतिरोधक दाबून ठेवणे इष्ट असते. चकत्या बहुधा विलंबाने नव्हे, तर विलंबाच्या वेळी वाढविलेल्या एंजिनाच्या गतीने जळतात. सीलांची वेळीच केलेली दुरुस्ती अल्प खर्चाची असते, तर जळालेल्या चकत्यांचे कण तेलाबरोबर झडपांत व परिवर्तकात पसरल्यावर संपूर्ण पेटीची पुनर्बांधणी अटळ होते.