विमानाचं वजन-वेग बदलून समतोल साधत नाही

दुसऱ्या महायुद्धाचे विमान-सिम्युलेटर खेळणारे चारजण जमले की एकजण हमखास म्हणतो, "मेसरश्मिट फार भारी पडतंय, त्याचा वेग थोडा कमी करा, म्हणजे सामना बरोबरीचा होईल." किती वेळा सांगायचं? नाही होणार!

ब्रिटनची लढाई (१० जुलै ते ३१ ऑक्टोबर १९४०) खेळायची, तर ब्रिटिश स्पिटफायर मार्क १ आणि जर्मन मेसरश्मिट १०९-ई यांच्यातला फरक हाच खेळाचा जीव आहे. १०९च्या इंजिनात इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारलं जाई. स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनाला कार्ब्युरेटर होता. नाक झटक्यात खाली दाबलं की मर्लिन गचके खाई, आणि तेवढ्यात जर्मन वैमानिक सूर मारून निसटे. वळणाच्या झुंजीत मात्र स्पिटफायर सरस. ही कुणाच्या आवडीनिवडीची गोष्ट नाही. हाती लागलेलं १०९ ब्रिटिशांनी फार्नबरोच्या विमान-संशोधन केंद्रात तपासलं; १२,००० फुटांवर उंची न गमावता घेतलेल्या वळणाची त्रिज्या स्पिटफायरची ६९६ फूट निघाली, १०९ची ८८५. हे पुसून टाकलंत, तर उरतं एकच विमान, दोन रंगांत.

पारडं समान झालं ते दुसऱ्याच कारणांनी. लंडनवर पोहोचल्यावर १०९कडे लढण्यापुरतं इंधन जेमतेम दहा-पंधरा मिनिटांचं उरे. बॉम्बरांना चिकटून उडण्याचा हुकूम आला की उंचीचा फायदाही हातचा जाई. पॅराशूटने उतरलेला ब्रिटिश वैमानिक धडधाकट असेल तर पुन्हा आपल्या तुकडीत. जर्मन वैमानिक मात्र कैदेत, नाहीतर इंग्लिश खाडीत. मोहीम रचताना हे आणा. जर्मन बाजूला उड्डाण फ्रान्समधल्या कॅलेजवळून द्या, इंधन मोजून द्या, बॉम्बर परत आले तरच गुण द्या. काटा खाली येऊ लागला की १०९वाल्याचं अर्धं लक्ष घराकडे लागतं.

काही गैरसमजही वारंवार कानावर येतात.

"लढाई एकट्या स्पिटफायरने जिंकली." हरिकेन ही ब्रिटिशांची दुसरी लढाऊ विमानं संख्येने जास्त होती, त्यांनी पाडलेली विमानंही जास्त.

"तोफ आहे म्हणजे जिंकलंच." १०९-ईच्या पंखांतल्या २० मिमी तोफांना प्रत्येकी ६० गोळे, ते काही सेकंदांत संपत.

"मर्लिनचा गचका लगेच दुरुस्त झाला." कार्ब्युरेटरला जाणारं इंधन आवरणारी, अभियंता बिअट्रिस शिलिंग यांची छिद्राची चकती १९४१ची, १९४०च्या मोहिमेत ती चालणार नाही.

आणि स्पिटफायर मंद वाटत असेल, तर आधी इंधन बघा. १९४०च्या उन्हाळ्यात ब्रिटिश लढाऊ विमानं १०० ऑक्टेनवर उडत होती आणि खालच्या उंचीवर मर्लिनला त्याने बराच जास्त जोर मिळे. तुमच्या मोहिमेत ८७ ऑक्टेनचं स्पिटफायर ठेवलं असेल, तर १०९ला दोष देऊ नका, स्पिटफायर बदला.