मत्स्यटाकीतील पाण्याची गुणवत्ता

मत्स्यटाकीतील पाण्याची गुणवत्ता म्हणजे घरगुती टाकीत मासे निरोगी राहू शकतील अशी पाण्याची रासायनिक व जैविक स्थिती. ती केवळ डोळ्यांनी पारखता येत नाही. गढूळ तळ्यात मासे सुखाने वाढतात, तर आरशासारख्या नितळ दिसणाऱ्या नव्या टाकीत ते काही दिवसांत दगावतात. यामागे बहुधा अमोनिया असतो, आणि तो पाण्यात दिसत नाही.

== नत्रचक्र ==

मासे आपल्या शरीरातील नत्रयुक्त टाकाऊ द्रव्य मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतात. विष्ठा, उरलेले खाद्य व कुजणारी पाने यांतूनही अमोनिया तयार होतो. नदीत तो विरळ होतो, टाकीत मात्र साठत जातो. सामू ७ वरून ८ वर गेल्यास अमोनियाच्या विषारी रूपाचे प्रमाण सुमारे दहापट होते. म्हणून तेवढाच अमोनिया एका टाकीत सोसला जातो, तर दुसरीत घातक ठरतो.

काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि इतर काही नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ही क्रिया सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९०च्या सुमारास उलगडली. दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पायरा जिवाणू २०१५ मध्ये आढळले. मधला पदार्थ, नायट्राइट, हाही विषारीच आहे. त्याच्यामुळे रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही, रक्त तपकिरी होते आणि पाण्यात पुरेसा प्राणवायू असूनही मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य असते. पाणवनस्पती ते काही अंशी शोषून घेतात, उरलेले पाणी बदलून काढावे लागते.

== नवी टाकी ==

हे जिवाणू सावकाश वाढतात. त्यांची पुरेशी वसाहत होण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. टाकी विकत आणल्याच्या दिवशीच डझनभर मासे सोडण्याची हौस बहुतेकदा माशांच्या जिवावर बेतते. जुन्या, निरोगी टाकीतील फिल्टरचा स्पंज नव्या टाकीत ठेवल्यास हा काळ कमी होतो. दह्याला विरजण लावावे, तसाच हा प्रकार आहे.

== देखभाल ==

आठवड्यातून एकदा सुमारे एक चतुर्थांश पाणी बदलणे बहुतेक घरगुती टाक्यांना पुरेसे असते. सगळे पाणी उपसून, वाळू व फिल्टर नळाखाली खळखळून धुण्याची पद्धत सर्रास दिसते. ती स्वच्छतेची वाटली, तरी तिच्यामुळे जिवाणूंची वसाहत उद्ध्वस्त होऊन टाकी पुन्हा नव्या टाकीच्या अवस्थेला येते. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळावा.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन मासे व जिवाणू या दोहोंना अपायकारक असते. उघड्या बादलीत एक दिवस ठेवल्यास ते बहुतांशी उडून जाते. क्लोरामाइन मात्र असे जात नाही, त्यासाठी सोडियम थायोसल्फेटयुक्त द्रावण वापरतात. पाणी साठवण्यास तांब्याचा हंडा वापरू नये, कारण पाण्यात उतरलेले तांबे माशांना व त्याहूनही अधिक गोगलगायींना विषारी असते.

भारनियमनाच्या काळात फिल्टर बरेच तास बंद राहिल्यास बंदिस्त फिल्टरमधील जिवाणू प्राणवायूअभावी मरू लागतात. वीज आल्यावर असा फिल्टर तसाच सुरू न करता आधी त्यातील साचलेले पाणी ओतून टाकावे. तोवर माशांना खाद्य देऊ नये. एरवीही दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य टाकावे.