जोर इंजिनाचा, भार गिअरबॉक्सवर

बिलोलीहून नरसी गाठली की नांदेड-देगलूर-हैदराबाद महामार्ग लागतो. रस्ता मोकळा मिळाला की गाडी अजून पळावी असं वाटतं आणि टपरीवर सल्ले सुरू होतात : "चिप बसव, पॉवर वाढते." टर्बो गाडी ऑटोमॅटिक असेल तर असा अर्धवट सल्ला फार महागात पडतो.

'ऑटोमॅटिक म्हणजे नाजूक' हा सगळ्यांत जुना गैरसमज. चाकणला बनणारी स्कॉर्पिओ-एन बघा. त्याच १७५ अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनाचा टॉर्क मॅन्युअलमध्ये ३७० न्यूटन-मीटर, ऑटोमॅटिकमध्ये ४००. कंपनीनेच ऑटोमॅटिकवर जास्त भार टाकलाय. पण प्रत्येक गिअरबॉक्सची कुवत वेगळी. फोक्सवॅगन व्हर्टसच्या १.५ टीएसआयचा टॉर्क २५०, आणि तिच्या सात गिअरच्या, कोरड्या क्लचच्या डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची मर्यादाही २५०च. तिथे वाढवायला जागाच उरत नाही.

आता ती 'चिप'. डिझेल गाडीत हा डबा सेन्सरच्या वायरीत बसतो आणि इंजिनाच्या संगणकाला डिझेलचा दाब आहे त्यापेक्षा कमी दाखवतो. संगणक दाब वाढवतो, इंजिन जोर करतं, पण हिशेबात टॉर्क जुनाच राहतो. गिअरबॉक्सचा संगणक त्याच आकड्यावरून ठरवतो, की आतल्या क्लच प्लेटा तेलाच्या किती दाबाने आवळायच्या. आकडाच खोटा, म्हणून पकड ढिली. ओव्हरटेक करताना पाय दाबला, आरपीएमचा काटा झपकन वर गेला, गाडी मात्र तेवढी पुढे सरकली नाही, तर प्लेटा घसरताहेत असं समजा. असा गिअरबॉक्स उघडला की तांबडं, स्वच्छ ऑइल काळपट झालेलं दिसतं. त्याला करपट वास येतो आणि तळाशी प्लेटांच्या अस्तराची भुकटी बसलेली असते. म्हणून इंजिन आणि गिअरबॉक्स, दोन्हींचे प्रोग्राम एकमेकांशी जुळवून बदलणारा रिमॅपच खरा. 'ऑइल आयुष्यभर चालतं' हेही विसरा. जोर वाढवलेल्या गाडीत ते लवकर बदलावं लागतं.

पॉवर वाढवायला टॉर्क वाढवावाच लागतो, असंही नाही. स्कॉर्पिओ-एनचा ४०० टॉर्क २७५० आरपीएमपर्यंत टिकतो, पुढे उतरतो. तोच ४०० जर ३५०० आरपीएमपर्यंत धरून ठेवता आला, तर हिशेबाने जवळपास २०० अश्वशक्ती होतात आणि आकडा कंपनीच्या टॉर्कपलीकडे जात नाही. जाणता ट्यूनर ऑटोमॅटिकमध्ये खालच्या आरपीएमला हात आखडता घेतो, तो याचसाठी.

उरला बूस्ट, म्हणजे टर्बोने हवा दाबण्याचा जोर. हवा दाबली की तापते, तापलेली हवा विरळ होते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच पारा चाळिशीपार असतो, त्यात ही हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या जाळीत धूळ. पेट्रोल गाडीत अशा वेळी इंजिन ठोकू लागतं. कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर तर लवकरच. आधी इंटरकूलर, मग बूस्ट.

कायद्याचंही ध्यानात ठेवा. नोंदणीपुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ चालू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलंय. वॉरंटी आणि विम्याचा दावाही अडकू शकतो. तेव्हा ट्यूनरकडे गेलात तर 'किती घोडे वाढतील' हे नंतर विचारा. आधी विचारा, 'माझ्या गिअरबॉक्सची मर्यादा किती?' त्याला आकडा सांगता आला नाही, तर चावी त्याच्या हातात देऊ नका.